ऐकीव पाऊस

सिंगापूरमध्ये पाऊस थांबला की लोक छत्र्या मिटतात आणि आपापल्या कामाला लागतात. आमचे शेजारी डेलकाका पाऊस थांबला की खाली जातात आणि तो किती पडला ते मोजतात. आमच्या कोंडोत, म्हणजे सोसायटीत, बार्बेक्यूच्या ओट्यामागे झुडपांजवळ एक खुंट आहे, त्याला त्यांनी काचेची एक नळी बांधली आहे. सत्तरी उलटलेला, सहा फुटांहून उंच, डोक्यावर कुठल्याशा बियाणेवाल्याने फुकट दिलेली टोपी, असा हा अमेरिकन माणूस गुडघे धरून त्या नळीसमोर वाकतो, एक डोळा मिटतो आणि लिफ्टपाशी जो भेटेल त्याला सांगतो, "इंच चाळीस. गरज होती." म्हणजे एक इंच आणि वर चाळीस शतांश.

गरज! जिथे दिवसाआड आभाळ फाटतं तिथे पावसाची गरज कुणाला असणार? पण "गरज होती" हे त्यांचं पालुपद. एकदा सलग तीन दिवस धो धो कोसळला, पोहायच्या तलावाचं पाणी काठावरून वाहायला लागलं, सिक्युरिटीवाले हमीदअंकल गमबूट घालून फिरत होते. डेलकाका नळी बघून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "गरज होती."

त्यांची मुलगी जेनी रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे. आई गेल्यावर तिने वडिलांना कॅन्ससच्या शेतावरून उचललं आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. ती सकाळी सातला बाहेर पडते आणि दिवेलागणीनंतर येते. मधला सगळा दिवस काकांचा. त्याचं काय करायचं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. आयुष्यभर ज्याला शेताने एक दिवस सुट्टी दिली नाही, त्या माणसाला एकदम सगळे दिवस मिळाले.

"डेलकाका" हे नाव माझ्या बायकोने, सुजाताने ठेवलं. तसं इथे वयस्कर माणसाला सगळेच अंकल म्हणतात. टॅक्सीवाला, फळवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळे. काकांना त्याची गंमत वाटायची. "मला सख्खा पुतण्या एकच," ते मला म्हणाले होते, "आणि तो मला अंकल म्हणत नाही. इथे अख्खं शहर म्हणतं." मी तेव्हा हसलो होतो.

आल्या आल्या त्यांनी बसवाल्यांना वात आणला. त्यांच्या गावी समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं, हा झाला नमस्कार. गाडी ओळखीची असो वा नसो. इथे काकांकडे गाडी नाही, म्हणून ते बसस्टॉपवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक बसला बोट वर करत. सिंगापूरमध्ये बोट दाखवलं की बस थांबते. तशा बसगाड्या थांबत, दारं उघडत, आणि काका जागचे हलत नसत. "अंकल, चढणार की नाही, लाह?" ड्रायव्हर इथल्या लकबीत विचारायचा. काका पुन्हा एक बोट वर करायचे. शेवटी मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. "मग ड्रायव्हरला नमस्कार कसा करतात?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं मी इथे राहतोय, मी कधी केलाच नव्हता.

पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी समोरची प्लेट उचलली आणि उलटी, पालथी घालून ठेवली. ग्लासही पालथा. सुजाताला वाटलं, प्लेट खराब आहे. तिने ती नेऊन धुऊन आणली. काकांनी तीही पालथी घातली. मग तिने सगळ्यांच्याच धुतल्या. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "एवढं काय, मी काय खरकट्यात वाढते का?" काका बिचारे घाबरले. त्यांच्या आजीच्या काळात तिकडे वर्षानुवर्षं पाऊस नव्हता, शेतातली माती वाऱ्यावर उडायची आणि बंद घरातसुद्धा जेवणाच्या ताटात यायची. म्हणून अन्न येईपर्यंत ताटं पालथी. आजीने घातली म्हणून आईने घातली, आईने घातली म्हणून हे घालतात. सिंगापूरमध्ये धुळीचा कण शोधून सापडत नाही हे त्यांना पटतं, पण हात ऐकत नाही. आमची मुलगी आर्या तेव्हापासून प्लेट पालथी घालूनच जेवायला बसते.

तर पाऊस. सुरुवातीला नळी त्यांच्या बाल्कनीत होती. एक आठवडा असा गेला की कुठे थेंब नाही, आणि काका रोज सकाळी मला सांगताहेत, "तीस. पस्तीस. गरज होती." मी म्हटलं, काका, सगळं शहर कोरडं आहे. आम्ही दोघं बाल्कनीत गेलो आणि वर पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी थेंब थेंब नळीत पडत होतं. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी फोनवर सांगून बसलो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"व्हर्नला. भावाला."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "व्हर्न, सोमवारपासूनचा पाऊस धरू नकोस. तो एसीचा होता." आणि ठेवला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "आमच्या घरात लोक बाकी कशाबद्दलही थापा मारतात," ते म्हणाले. "पकडलेल्या माशांबद्दल मारतात, प्रकृतीबद्दल मारतात. पावसाबद्दल कुणी मारत नाही."

मग नळी खाली आली. त्यासाठी हमीदअंकलना पटवावं लागलं. डासांची तपासणी करणारे लोक आले, त्यांनी साचलेलं पाणी म्हणून नळीवर बोट ठेवलं. रोज मोजून रोज ओतून टाकतो असं काकांनी शपथेवर सांगितलं तेव्हा ते गेले. मी सुचवलं, कशाला हा व्याप, माझ्या फोनवर दिसतंय की, आज सव्वा इंच झाला म्हणे.

"कुणी पाहिला?"

"कुणी म्हणजे... ॲपवर आहे."

"ऐकीव पाऊस आमच्यात चालत नाही," काका म्हणाले. त्यांच्या वडिलांचे दोन नियम होते. जो नळी बघेल त्यानेच सांगायचं, हा पहिला. आणि पाऊस नसला तर बोलायचंच नाही, हा दुसरा. कोरडं आहे हे घरात सगळ्यांना दिसतंच, ते तोंडाने कशाला म्हणायचं? मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडेही फोनवर पहिला प्रश्न पाऊसपाण्याचाच असतो, पण इतका कडक कारभार मी कुठे पाहिला नव्हता.

त्या फोनमागची गोष्ट आम्हाला पुलाउ उबीनला कळली. त्या बेटावर अजून जुनी कांपोंगची, म्हणजे मलय खेड्यांतली, घरं आहेत, पत्र्याची छपरं, अंगणात कोंबड्या. एका रविवारी आम्ही काकांना तिकडे नेलं. लोक सायकली घेऊन हिंडत होते आणि काका एका घराच्या कुंपणाला हात लावून उभे होते. परत निघालो तर धक्क्यावर आम्ही चौघंच. तिथली बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आर्या कंटाळून खेकडे बघायला लागली, आणि काका आपण होऊन बोलायला लागले.

त्यांच्या पणजोबांनी तिथे पहिलं घर बांधलं ते मातीच्या ढेकळांचं, कारण आसपास झाड नव्हतं. आजोबांच्या वाट्याला धुळीची वर्षं आली. भरदुपारी दिवे लावायचे, खिडक्यांना ओल्या चादरी. शेजारपाजारची घरं एकामागून एक रिकामी झाली, आजोबा राहिले. वडिलांच्या काळात पिकलं तर भाव नव्हता, म्हणून ते दिवसा शेतात आणि रात्री धान्याच्या कोठारावर कामाला. मरताना त्यांनी जमीन दोघा भावांत वाटली. खालची व्हर्नला, वरची यांना. दोघांच्या फाटकाच्या खांबांवर एकेक नळी. पाऊस पडला की संध्याकाळी दोघं एकमेकांना तो सांगायचे.

"मग माझी बायको गेली, रूथ. गुडघे गेले. जेनी म्हणाली, या. मी माझा तुकडा विकला."

"भावाला?" मी विचारलं.

"परक्याला. व्हर्नला झेपणार नाही हे मला माहीत होतं. विचारलं तर त्याला नाही म्हणावं लागेल, त्याला लाज वाटेल, म्हणून विचारलंच नाही." काका टोपी काढून तिच्या आत बघत बसले. "विचारायला हवं होतं. त्याला फार लागलं. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. त्याच्या घरातलं निरोप टेप करणारं मशीन उचलतं. मी मशीनला पाऊस सांगतो."

सुजाताने हळूच विचारलं, "पण ते ऐकतात का?"

"माहीत नाही. मशीन भरलंय असं अजून कधी म्हटलं नाही. म्हणजे कुणीतरी पुसत असेल."

एवढा मोठा माणूस, आणि सगळी आशा एका मशीनवर. मी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात सायकलवाल्यांचा घोळका आला आणि बोट सुटली.

पुढे त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी ते मला खाली घेऊन गेले आणि नळी कशी वाचायची ते शिकवलं. फोन ते हॉस्पिटलमधूनही करू शकले असते, पण नळी मी बघणार म्हटल्यावर सांगायचंही मीच. नियम म्हणजे नियम. जेनी मला लिफ्टपाशी म्हणाली, "सॉरी हं. व्हर्नकाका उचलणार नाहीत, पण डॅडना कोण सांगणार?"

पहिल्या दिवशी मी नळी बघून माझ्याच फोनवरून नंबर लावला. टूं वाजलं. मी घसा साफ केला. "मी डेल यांचा शेजारी, सिंगापूरहून. आज इंच दहा. थँक यू, सर." दुसऱ्या दिवशी वीस. मग पाऊस गेला. दोन दिवस थेंब नाही, म्हणून नियमाप्रमाणे फोनही नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी ऑफिसला जायला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटावर उभा होतो. तिकडे तेव्हा कालची संध्याकाळ असते. फोन वाजला, नंबर अमेरिकेचा.

"तो पाऊसवाला तूच का?" आवाज म्हातारा, खरखरीत.

"हो, मीच."

"दोन दिवस फोन नाही."

"पाऊसच नाही, सर."

"अजिबात?"

"अजिबात."

गाडी आली. दारं उघडली, मिटली, गाडी गेली. मग तो म्हणाला, "आधी एका परक्याचा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं..." मी घाईघाईने म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं, नीट झालं, उद्यापासून चालवणार आहेत.

"कुठला गुडघा?"

"डावा."

"लंगडायचा तर उजव्याने," तो कुरकुरला, जणू आम्ही चुकीचा पाय उघडला होता. मग जरा थांबून म्हणाला, "इकडे काल पडला. साठ. वरच्या खांबावर पंचावन्न. गरज होती." आणि फोन बंद.

दोन आकडे कशाला, मला कळलं नाही. मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि उलट दिशेची गाडी पकडली.

काका पलंगावर बसले होते. समोर ट्रेमध्ये नाश्त्याचा कप पालथा. जेनी शेजारी खुर्चीत. मी म्हटलं, "व्हर्न यांचा फोन आला होता."

जेनी उठून उभी राहिली. काकांनी विचारलं, "किती पडला?"

माझ्या जिभेवर होतं. साठ, पंचावन्न. पण मी म्हटलं, "ऐकीव पाऊस आपल्यात चालत नाही. फोन लावा आणि त्यांनाच विचारा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता उशी फेकून मारतात. मग त्यांनी फोन घेतला. दोनदा चुकीचा नंबर दाबला, तेव्हा तो जेनीने लावून दिला. एकदाच वाजला. मशीन आलं नाही.

काका म्हणाले, "किती?"

त्यांनी ऐकलं. डोळे मिटले. "वर पण?" त्यांनी विचारलं. पुन्हा ऐकलं. "कुंपण ओलांडून जातोस? त्या माणसाला चालतं?" मग ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि फोन कानाला तसाच. जेनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझंही काही ठीक नव्हतं.

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "वरच्या खांबावरची नळी माझी. मी जाताना काढली नव्हती. जमीन विकली तेव्हापासून तो रोज तिथे जाऊन बघतो."

मी मान हलवली. काकांनी नाक पुसलं, टोपी घातली, ट्रेमधला कप सुलटा केला आणि कॉफी ओतून घेतली.

"संध्याकाळी घरी गेलास की खाली जाऊन ये."

"काका, आज पण पाऊस नाही. आभाळ स्वच्छ आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी बघून ये. व्हर्न विचारेल."