दामलेकाकांचे उपाशी साप

नागपंचमीला दामलेकाकांचे साप उपाशी राहतात. त्या दिवशी काही चिरायचं-कापायचं नाही, आणि मासे चिरल्याशिवाय सापांच्या तोंडात मावत नाहीत.

"आदल्या दिवशी चिरून ठेवा ना," मी एकदा भीतभीत सुचवलं.

"शिळं? सणाला? तत्त्वाचा प्रश्न आहे, मीरा-सान."

टोकियोच्या निशी-कसाई भागात त्यांच्या आणि माझ्या फ्लॅटमध्ये एक पातळ भिंत आहे. काका बँकेत आहेत, चातुर्मासात कांदासुद्धा सोडतात. मासे चिरताना नाकाला कपड्यांचा चिमटा लावतात आणि तशाच आवाजात सापांना दटावतात, "हळू खा. कोणी पळवत नाहीये." दोन गार्टर साप, अंगठ्याएवढे जाड, पिवळ्या पट्ट्यांचे, बिनविषारी. बिनविषारी हे काका लिफ्टमध्ये कोणी न विचारताही सांगतात.

साप खरे त्यांच्या लेकीचे, इराचे. मोठ्या भूकंपानंतर काकू तिला घेऊन पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्या. त्याला तीन वर्षं झाली. साप सोडून जायचं म्हणून इरा रडत होती, तेव्हा काकांनी शब्द दिला होता: तू येईपर्यंत मी सांभाळतो.

यंदाच्या नागपंचमीला त्यांनी मला दिंडं खायला बोलावलं. काकूंना विचारून विचारून केलेली, जरा फुटलेली. मग पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. काकांनी सापांची काचेची पेटी स्क्रीनपुढे उचलून धरली.

"अय्या, अजून आहेत?" इरा म्हणाली. "देऊन टाका ना बाबा कोणाला तरी. आम्ही इथे मांजर आणलंय."

"हो, हो. विचारतो."

कॉल संपला तरी पेटी त्यांच्या हातातच होती. मग ते माझ्याकडे वळले.

"तू घेतेस?"

त्यांच्या घरी मी कायम पाय वर घेऊन बसते. तेव्हाही तशीच बसले होते. हे त्यांना दिसत होतं.

"नको, काका."

"नको ना?" त्यांचा चेहरा इतका सैल झाला, की मी ताटलीतल्या दिंडाकडे बघत राहिले. "मग संपलं. तिला कळवतो, विचारलं, पण कोणी घेत नाही. खोटं नको बोलायला. तत्त्वाचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना भिंतीपलीकडून सुरीचा आवाज येत होता. बारीक, अगदी बारीक चिरणं चाललं होतं.

"हळू खा," चिमट्यातला आवाज म्हणाला. "आता कोणी नेत नाही तुम्हाला."