अण्णा बांध कोरतात

ज्या जगाला शेवटच नाही, त्या जगात पाऊल टाकल्या टाकल्या अण्णा गुंजाळांनी पहिलं काम केलं ते बांध घालण्याचं.

हे जग तसं माझ्या ताब्यातलं आहे. म्हणजे केडगावात मी जो कॉम्प्युटर क्लास चालवते, तिथल्या एका मशीनवर ते चालतं. ठोकळ्यांचा तो खेळ तुम्ही पाहिला असेल. तुमच्या घरातलं एखादं पोर जेवताना ताटाशेजारी मोबाईल ठेवून तेच करत असतं. त्यात सगळं चौकोनी. माती चौकोनी, झाडं चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. खणायचं, ठोकळे गोळा करायचे आणि त्यातून मनाला येईल ते बांधायचं. चालत राहिलात की पुढे नवी जमीन आपोआप तयार होत जाते. टाळेबंदीत आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी हे सुरू केलं होतं. मुलांना पुढे दुसरे खेळ सापडले. त्यांच्यावर नजर ठेवायला म्हणून आत शिरलेली मोठी माणसं मात्र तिथेच मुक्काम ठोकून बसली.

त्यात दुसऱ्या मजल्यावरचे शेखसर आहेत. दिवसभर गणित शिकवतात, घरी आले की खाणीत उतरतात, आणि हिरे कुठे लागले हे सख्ख्या बायकोलाही सांगत नाहीत. कांबळे वहिनी आहेत. त्या नर्स. ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी महिनोन्‌महिने खपून एक पांढराशुभ्र स्तूप बांधलाय, भोवती फरसबंद अंगण, अंगणात दिवे. बघत राहावं असं काम आहे. आणि मग अण्णा आहेत, ज्यांनी एक साधी झोपडीही बांधली नाही.

मी त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं, की अण्णा, इथे सातबारा नाही, तलाठी नाही, हवी तेवढी जमीन घ्या. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "ताई, पाहिजे तेवढी मिळतीय म्हनूनच हद्द पायजे. हद्द न्हाई ती जमीन न्हाई, ते नुसतं रान." आणि मातीचा एकेक ठोकळा लावत त्यांनी चौफेर बांध घालून घेतला. मोजून पाहिला, एका कोपऱ्यात वाकडा वाटला म्हणून पुन्हा काढला आणि पुन्हा घातला.

अण्णा मूळचे श्रीगोंद्याकडचे. नोकरीला भिंगारला, लष्कराच्या एका भांडारात. निवृत्ती जवळ आलीय. त्यांच्या आयुष्याचं सार एका वाक्यात आहे आणि ते वाक्य दिवसातून अनेकदा ऐकायला मिळतं: "हद्द म्हंजी हद्द." पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरभोवती पांढऱ्या रंगाची रेघ आहे. स्कूटर जुनी, तिला कुणी ढुंकूनही बघत नाही, पण रेघ दर दिवाळीला नवी होते. गच्चीवरच्या वाळत घालायच्या तारेवर त्यांनी दोन गाठी मारल्यात. त्या गाठींच्या मधे दुसऱ्याचा रुमाल आला, तर अण्णा तो काढून टाकत नाहीत, फक्त अंगुळभर सरकवतात. हॉटेलात चौघांत मिसळ खायला बसलो की पाण्याचा पेला मधोमध ठेवतात, खूण म्हणून. विमलकाकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या पलंगावरबी हद्द हाय. घोरनं तेवढं माझ्याकडं येतं."

खेळातही त्यांची शेती अशीच शिस्तीत चालायची. गहू, गाजरं आणि पाण्याच्या कडेने ऊस. त्या उसावर मात्र त्यांचा कायमचा राग. या खेळात ऊस तीन ठोकळ्यांच्या वर वाढतच नाही. "तीन कांड्यांवर थांबनारा ऊस घिऊन गेलो, तर फॅक्टरीवाले गेटातनं आत तरी घेतील का?" असं ते मला विचारायचे, जसं काही मी तिथली चेअरमन आहे.

अशात एक नवा खेळाडू आला. त्याने नाव लावलं होतं ८६०३२. आम्हा शहरी मंडळींना तो मोबाईल नंबरचा तुकडा वाटला. अण्णांनी सांगितलं की ही उसाची जात आहे, आणि मग सगळेच त्याला 'शहाऐंशी' म्हणायला लागलो. आता या शहाऐंशीला सगळं जग मोकळं होतं. डोंगर होते, समुद्रकिनारा होता, बर्फ होता. पण गडी आला तो थेट अण्णांच्या बांधाला बांध लावून बसला. आणि आठवड्याच्या आत त्या अंतहीन जगात एका ठोकळ्याच्या रुंदीवरून भांडण पेटलं.

रोज संध्याकाळी चहापाणी उरकलं की दोघे हजर. आदल्या दिवशी ज्याने शेवटी काम केलं, त्याने बांध एक ठोकळा दुसऱ्याच्या अंगावर सरकवलेला असायचा. चॅटवर अण्णा एका बोटाने टाईप करणार, त्यामुळे त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत शेखसर खाणीत बरेच खाली गेलेले असत.

"माझ्या हद्दीतली ओळ कुणी काढली?"

"पावसानं गेली आसंल."

"पाऊस एकाच ओळीत पडतो व्हय?"

"तुमच्याकडं पडत आसंल. तुमी सरळ मानूस."

हे तासभर चालायचं. त्यात कधी कुणाच्या बापाचा उद्धार व्हायचा. शहाऐंशीने एकदा लिहिलं, की म्हातारा असता तर त्यानं दाखवलं असतं कुणाची हद्द कुठं. त्यावर अण्णांनी उत्तर दिलं, म्हाताऱ्याचं नाव काढू नको. आम्हाला वाटलं, भांडणात बाप निघतोच, त्यात काय नवं. या खेळात एक हिरवं भूत असतं, जवळ येऊन फुटतं आणि खड्डा पाडून जातं. एका संध्याकाळी ते नेमकं बांधावर फुटलं. दोघे धावत आले, एक अक्षर न बोलता दोघांनी मिळून खड्डा भरला, बांध होता तसा घातला. मग दोन पावलं मागे सरकले आणि पुन्हा सुरू झाले. आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो होतो.

हसू संपलं ते पाण्यामुळे. शहाऐंशीने रागाच्या भरात आपला पाट अण्णांच्या गव्हात सोडला. गहू गेलाच, पण पाणी उतारावरून थेट कांबळे वहिनींच्या अंगणात शिरलं आणि एकूण एक दिवा वाहून गेला. वहिनी तशा सोशिक. पण त्या दिवशी त्या क्लासमध्ये आल्या आणि मला म्हणाल्या की तुझं जग आहे, तूच याचा निकाल लाव, नाहीतर मी माझा स्तूप घेऊन दुसरीकडे जाते.

मला हे काम करायला आवडलं, हे कबूल करायला हवं. निवाडा द्यायची संधी रोज कुठे येते. मी दोघांना ठरलेल्या वेळी बोलावलं. शेखसर पंच म्हणून खाणीतून वर आले. दोन्हीकडची जमीन ठोकळा ठोकळा मोजली, बरोबर मध्य काढला आणि त्या रेषेवर तळाच्या दगडाची भिंत उभी केली. हा दगड या जगाच्या अगदी बुडाशी असतो. तो कुठल्याच हत्याराने फुटत नाही, सुरुंगाने उडत नाही. माझ्याशिवाय त्याला कुणी हलवू शकत नाही. काम चोख झालं. वहिनींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. अण्णा आणि शहाऐंशी भिंतीच्या दोन बाजूंना उभे होते. कबूल आहे का, असं मी विचारलं. दोघांनी 'हो' लिहिलं आणि निघून गेले.

त्यानंतर चॅट असं शांत झालं की शेखसर हिऱ्यांबद्दल बोलायला लागले. अण्णा खेळात येईनात. शहाऐंशी एकदोनदा येऊन गेला. भिंतीपाशी उभा राहायचा, पिकाला हात न लावता परत जायचा. मला वाटलं, चला, खोड मोडली. पण मग एक दिवस पार्किंगमध्ये पाहते तर गॅस सिलिंडरवाल्याचा टेम्पो अण्णांच्या पांढऱ्या रेघेवर चाक घालून उभा, आणि अण्णा बाजूने मुकाट जिना चढत होते. विमलकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, जेवणात लक्ष नाही, टीव्ही लावतात आणि भिंतीकडं बघत बसतात. मला काळजी वाटायला लागली.

रविवारी संध्याकाळी मी मशीन पुसत होते, तेव्हा अण्णा क्लासमध्ये आले. विद्यार्थ्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची सरळ आहे की तिरकी, हेही पाहिलं नाही.

"ताई, तेवढे दगड काढा," ते म्हणाले.

मला जरा रागच आला. एवढा नीट निवाडा केला, सगळ्यांदेखत मोजलं, दोघांनी मान्य केलं, आता पुन्हा तेच कशाला, असं बरंच काही मी बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शहाऐंशी म्हंजी आमचा दत्तू. धाकटा भाऊ."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

अण्णा सांगत गेले ते असं. वडील गेल्यावर जमीन दोघांत निम्मी निम्मी झाली आणि मधे बांध राहिला. पेरणी आली की जो आधी नांगर घालेल तो बांध नांगराच्या एका ओळीएवढा कोरणार, हे ठरलेलं. अण्णा दर सुट्टीला भिंगारहून एसटीने गावाला जायचे ते खास भांडायला. सकाळी बांधावर उभं राहून आयमाय काढायची, दुपारी भावजय भाकरी घेऊन यायची आणि त्याच बांधावर बसून दोघांनी जेवायचं. जेवताना ऊस कसा आहे, पाण्याचं काय, पोरीचं शिक्षण कुठवर आलं, सगळं निघायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. मग गावातल्या चार शहाण्या लोकांनी दोघांना समजावलं की असं बरं दिसत नाही, सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीदार आले, मोजून दगड रोवून गेले. निकाल चोख. दोघांनाही मान्य.

"त्या दिसापासनं आमचं बोलनं बंद हाय," अण्णा म्हणाले. "भांडन न्हाई, ताई. भांडन आसतं तर बोललो आसतो. भांडायलाच काय राहिलं न्हाई. मग गावाला जायाचं तरी काय म्हनून?"

मी म्हटलं, "अण्णा, फोन करायचा."

"फोन करून काय म्हनू? कसा हायेस? आमच्यात आसं कुनी कुनाला इचारत न्हाई."

दत्तूची मुलगी इथे नगरला कॉलेजात आहे, अधूनमधून काकांकडे जेवायला येते. वडिलांनी तिला विचारलं होतं, की दादा मोबाईलवर काय करत असतो. तिने सांगितलं, बांध घालतो. दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्याकडून सगळं शिकून घेतलं. अण्णांनी ८६०३२ वाचलं तेव्हाच ओळखलं, कारण दत्तू दुसरा ऊस लावत नाही. आणि दत्तूने तर अण्णांना बांधावरून ओळखलं असणार. पण दोघांपैकी एकानेही तसं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, रोज तासभर भांडायला मिळत होतं.

या दोन भावांच्या मधे दुसऱ्यांदा दगड रोवले गेले होते, आणि या खेपेला ते मी रोवले होते, वर टाळ्याही घेतल्या होत्या. मी अण्णांना पलीकडच्या मशीनवर बसवलं आणि स्वतः आत जाऊन ती भिंत खालपासून वरपर्यंत काढून टाकली. तिथे लांबच लांब चर उरला. अण्णा म्हणाले, राहू द्या, बाकीचं मी बघतो. ते एका बोटाने एकेक मातीचा ठोकळा लावत पुढे गेले. मी नीट पाहिलं. बांध सरळ होता, पण एक ठोकळा दत्तूच्या हद्दीत होता.

काम संपल्यावर ते बांधावर उभे राहिले. बराच वेळ कुणी आलं नाही. मी चहा मागवला, तो निवला. शेवटी ८६०३२ आत आल्याचं पडद्यावर दिसलं. तो शेताच्या कडेने चालत आला आणि बांधासमोर थांबला. मला वाटलं, आता हद्दीवरून सुरू होणार.

त्याने लिहिलं, "इतके दिस कुठं हुतास, दादा?"

त्या चॅटवर इतक्या महिन्यांत तो शब्द कधी आला नव्हता. अण्णांचं बोट कीबोर्डवर नुसतं फिरत राहिलं. एक अक्षर उमटायचं, पुसलं जायचं. मग त्यांनी लिहिलं, "मोजनीवाल्या बाईनं दगड रोवलं हुतं. काढलं आता."

"बरं झालं. बांध एक ठोकळा माझ्यात आलाय. माघारी घे."

"न्हाई घेत."

"उद्या येऊन मी घालतो मग."

"ये."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले. चष्मा पुसून झाला तरी पुसत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, आज जरा येळ लागंल. तुमाला घरी जायचं आसंल तर चावी ठिवून जावा."

मी चावी टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.