मामाजींचं नाक

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीला, म्हणजे आषाढातल्या सणाला, मी बायकोला माहेरी सोडायला गेलो. ओसरीवर चढलो, सासऱ्यांना रामराम करायला हात जोडले, तर त्यांनी त्या जोडलेल्या हातांतला उजवा तेवढा सोडवून घेतला आणि नाकाला लावला.

नुसता लावला नाही, नीट हुंगला. आधी बोटांची टोकं, मग तळवा, मग अंगठ्याच्या बेचक्यात नाक खुपसून एक लांब श्वास. जावई बघायला अर्धी वस्ती जमली होती, पण यात काही वावगं आहे असं कुणाच्याच तोंडावर दिसलं नाही. मी डावा हात तसाच छातीशी धरून उभा राहिलो. एका हाताचा रामराम कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

“कोंडा,” सासऱ्यांनी निकाल दिला. “बाकी साफ. या जवाईबापू, बसा.”

कोंड्याचं खरं होतं. मी मूल गावच्या एका राईस मिलमध्ये कारकून होतो आणि मिलमधल्या माणसाच्या अंगाला दिवाळीचं उटणं लावलं तरी वास कोंड्याचाच येतो. पण नव्या जावयाच्या हाताचा असा पंचनामा? मी गोरामोरा झालो. घरात बायको पदर तोंडात कोंबून हसत होती.

आमचे हे सासरे म्हणजे डोमाजी. गाव त्यांना डोमाभाऊ म्हणे, मी मामाजी. उंच, काटकुळे, आणि नाक असं की बाकीचा चेहरा त्याच्या मागून आल्यासारखा वाटावा. बायको लवकर गेली, एकुलती पोरगी शेवंता, तीही माझ्या घरी आली. राहिला तो तलाव. गावच्या ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, सारी वस्ती त्या तलावावर जगायची आणि त्या तलावाचे पंच, कोतवाल आणि फौजदार सगळं मामाजीच होते.

मृग लागला की तलावाला मिळणाऱ्या नाल्यात मासे उलटे चढतात. पोटात अंडी भरलेली असतात, त्यामुळे त्यांना पळता येत नाही. नुसती टोपली धरली तरी भरते. हे चढणीचे मासे चवीला असे की खाणारा बोटं चाटत राहतो, आणि मामाजींचा सगळा तपास त्या चाटलेल्या बोटांवरच होता. मृगापासून पोळा फुटेपर्यंत तलावात किंवा नाल्यात कुणी जाळं टाकायचं नाही, असा वस्तीचा नियम. तेवढे दिवस माणसं रोवणीच्या कामाला जायची आणि भात-वरणावर भागवायची. नियम मोडणाऱ्याचं जाळं तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाला टांगायचं, ते पोळ्यापर्यंत तिथंच. येणारा-जाणारा बघतो आणि विचारतो, “हे कोनाचं जाळं?” दुसरी शिक्षा नव्हती, आणि लागतही नव्हती.

हा नियम उगाच झाला नव्हता. मालगुजारी, म्हणजे तलावावरची जमीनदारी, जाणार अशी हाकाटी झाली तेव्हा शेवटच्या ठेकेदारानं ऐन चढणीत तलाव खरवडून नेला होता. पुढं जाळ्यात नुसता चिखल येऊ लागला. वस्तीतली तरणी पोरं बल्लारपूरकडे खाणीत गेली, ती काही परत आली नाहीत. मग मालगुजारी गेली, ढिवरांची सोसायटी झाली, तलाव सोसायटीला मिळाला, आणि मामाजी हात हुंगू लागले.

“तोंडाले काय पुसता जवाईबापू,” ते मला म्हणाले. “तोंड काईबी सांगते. राखेनं घासा, लिंबू लावा, हात बोलते.”

मिलमध्ये ही गोष्ट कशी पोचली कोण जाणे. पण पोचली. मी आखाडीहून परतलो की हमाल रांगेनं उजवे हात पुढे करायचे. “कारकूनबाबू, सासऱ्याची विद्या तुमच्यात उतरली का?” शेठ शाकाहारी माणूस, तेही एकदा हसत हसत हात पुढे करून गेले. मला सासुरवाडीचं नावसुद्धा नकोसं व्हायचं.

एकदा चांद्याहून सहकार खात्याचे साहेब सोसायटी तपासायला आले. त्या दिवशी मी दुर्दैवानं तिथंच होतो. साहेब बैलगाडीतून उतरले आणि मामाजींनी पुढे होऊन त्यांचा हात धरून नाकाकडे नेला. साहेबांना वाटलं, आपला आदर होतोय, चुंबन वगैरे. ते ओशाळून “असू दे, असू दे” म्हणाले. मामाजींनी हात सोडला नाही.

“खाल्लं,” मामाजी सगळ्यांदेखत म्हणाले. “चढणीचंच हाय. कुठी जेवले साहेब?”

साहेब आदल्या मुक्कामी जेवले होते, तिथं नियम नव्हता, त्यांचा बिचाऱ्यांचा काही गुन्हाही नव्हता. पण ते कानापर्यंत लाल झाले. मी पुढे होऊन काहीतरी सारवासारव केली, हे म्हातारे असेच, मनावर घेऊ नका. मामाजी मध्येच म्हणाले, “आमच्या गावचं नसन तं माफ हाय. पन उद्या आमच्या गावी जेवा, वांग्याची भाजी खा.” साहेब न जेवताच परत गेले. सोसायटीचे कागद कसे टिकले, देव जाणे.

याहून वाईट गोष्ट भागरताबाईची. ही वस्तीतली एकटी विधवा. तिनं एकदा श्रावणात पदरानं चार मासे धरले आणि कालवण केलं. मामाजी दारात, हात पुढे कर म्हणाले. तिच्याकडे टांगायला जाळं नव्हतं. मग मामाजींनी चुलीवरचा गंज उचलला. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. कालवण त्यांनी तलावात ओतलं, “ज्याचं त्याले परत,” असं म्हणत, आणि रिकामा गंज मोहाच्या झाडाला टांगला. बाईचा एकुलता गंज. पोळ्यापर्यंत ती शेजारणीचं भांडं मागून शिजवत होती आणि तलावावर पाण्याला जाताना त्या झाडाखालून मान खाली घालून जात होती. मी मामाजींना म्हणालो, हे फार झालं. ते म्हणाले, “एकीले सोडलं तं नियम कोनाले सांगू?” मला त्यांचा राग आला, आणि या माणसाचा मी जावई आहे याची लाजही वाटली.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या आखाडीला शेवंताला दिवस गेले होते. मी तिला माहेरी नेलं ते अर्धमेल्या अवस्थेतच. खाल्लेलं काहीच पोटात टिकत नव्हतं. पेज ओकायची, साखरपाणी ओकायची. सुकी मासळी भाजली तर वासानंच उलटी. गालफडं बसली, डोळे खोल गेले. मूल गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहीतरी पोटात राहिलं पाहिजे, नाहीतर आईही जाईल आणि मूलही. वाटेतल्या नाल्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला. आता डॉक्टरही नाही आणि बाजारही नाही.

एका संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

“मले काई नको,” ती म्हणाली. “एक चढणीची मासोळी भेटली असती, चिंचेच्या रस्स्यातली. आई करत होती तशी. बापाले सांगू नका हां. तो लाजेनं मरून जाईन.”

मी सांगितलं नाही. पण घराच्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या होत्या, आणि पलीकडे मामाजी दोरी वळत बसले होते. वळणं थांबलं ते मला ऐकू आलं.

दुसरा सगळा दिवस ते पाळीवर बसून होते. जेवायलाही आले नाहीत. मी बोलवायला गेलो तर पाण्याकडे बघतच म्हणाले, “तुमी जेवून घ्या.”

त्याच्या पुढच्या सकाळी मला जाग आली ती रस्स्याच्या वासानं. मामाजी चुलीपुढे उकिडवे बसले होते. धोतर मांड्यांपर्यंत ओलं, कोपऱ्यात ओलं जाळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाडग्यात रस्सा घेऊन ते शेवंताजवळ बसले आणि काटे काढून एकेक घास भरवू लागले. ती खात गेली. सगळं संपलं तेव्हा तिनं वाडगा बोटानं पुसून घेतला आणि भिंतीला टेकून झोपली. मामाजी तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिले. ऊन अंगणात आलं तरी उलटी झाली नाही.

मग ते उठले. मला वाटलं हात धुतील. त्यांनी धुतले नाहीत. उजवा हात समोर धरला आणि तसेच बाहेर पडले.

मी मागे गेलो, थोडं अंतर ठेवून. पहिलं घर रामाजीचं.

“वास घे,” मामाजी म्हणाले.

रामाजीनं हाताकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं, आमच्या घराकडे पाहिलं. शेवंता कशी आहे हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या दिवशी वाऱ्यावर रस्स्याचा वास सगळ्या गल्लीत होता.

“मले पडसं हाय डोमाभाऊ,” तो म्हणाला.

“कवापासून?”

“आत्ताच झालं.”

पुढच्या घरची बाई म्हणाली, आमच्या घरी सगळ्याइलेच पडसं हाय. त्यापुढच्या घरातून मामाजी पोचायच्या आतच शिंका ऐकू आल्या. म्हातारा दारोदार हात पुढे करत होता, आणि दरेक जण नाक पुसत होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्या नाकानं सगळ्यांची लाज काढली त्या नाकाचा धनी भिकाऱ्यासारखा हात पसरून उभा, आणि त्याच्या पदरात शिक्षासुद्धा कुणी टाकेना.

“काऊन रे,” ते गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले. आवाज चिरकला होता. “सगळ्या गावाले एकाच रोजी पडसं? मी तुमाले सोडलं का कधी?”

शेवटचं घर भागरताबाईचं. ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मामाजी तिच्यासमोर गेले, पण हात पुढे करायचं त्यांना होईना. मान खाली, हात धोतराशी.

“आन इकडे,” ती म्हणाली.

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात नाकाशी नेला. घाई केली नाही. मामाजी करत तसंच, आधी बोटं, मग तळवा.

“येते,” ती म्हणाली. “चढणीचीच हाय. चिंच जास्त झाली.”

“हो. मले अंदाज नाई त्याचा.”

“पोरीनं खाल्लं?”

“खाल्लं.”

“पोटात राह्यलं?”

“राह्यलं.”

भागरताबाईनं मनगट सोडलं आणि पुन्हा सुपात हात घातला. “मंग गंज घरी काऊन ठेवला? टांग नं.”

मामाजींनी मान वर केली. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास टाकला. घरी आले, जाळं घेतलं, गंज घेतला आणि पाळीकडे निघाले. भागरताबाई झाडापर्यंत मागून गेली.

“माही फांदी ती होती,” तिनं वर बोट दाखवलं. “तू खालची घे. म्हातारा झाला आता.”

त्या दिवसापासून शेवंतासाठी पेज भागरताबाईच्या गंजात शिजली. दोन्ही वेळ ती घेऊन यायची, आणि मामाजींनाही वाढायची. शेवंताच्या पोटात आता अन्न राहू लागलं. मामाजी मान खाली घालून जेवायचे. तलावावर वारा सुटला की झाडावरचा गंज खोडावर आपटायचा, तो आवाज घरात ऐकू यायचा आणि त्यांचा घास हातातच थांबायचा. मी त्या दिवसांत त्यांच्याशी नजर मिळवू शकलो नाही. इतकी वर्षं या माणसाची मला लाज वाटत होती, आणि आता वाटत होती ती वेगळीच, माझी मलाच.

पोळा फुटला तरी ते गंज आणायला गेले नाहीत. भागरताबाईनं तो काढला, राखेनं घासला आणि मामाजींच्या चुलीवर ठेवला.

मामाजींनी पुन्हा कुणाचा हात हुंगला नाही. पुढच्या मृगात मी गेलो तेव्हा वस्तीतली माणसं त्यांना पाहून आपणहून हात पुढे करत होती. “घ्या ना डोमाभाऊ, वास घ्या.” रामाजी तर दोन्ही हात घेऊन आला. मामाजी नुसता रामराम करायचे आणि पुढे जायचे. नाल्यात त्या वर्षी एकही टोपली लागली नाही. नाकाला माणसं चुकवू शकत होती, पण मामाजींची खाली गेलेली मान कुणाला बघवत नव्हती.

शेवंताच्या कडेवर आमची पोरगी होती. थंडीत झालेली, गुटगुटीत. मामाजी ओसरीवर बसले होते, एकटेच. मी पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं. तिनं नातवंडांच्या रीतीप्रमाणे सगळ्यात आधी त्यांचं नाक धरलं. धरलं ते सोडेना.

मामाजी हलले नाहीत. तिची मूठ नाकावर तशीच. मग हळूच त्यांनी श्वास घेतला, लांब, पूर्वी घेत तसा. शेवंता दारात थांबली.

“काय वास येते मामाजी?” मी शेवटी विचारलं.

“दूध,” ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी नाकावर आलं, तिथून पोरीच्या मुठीवर. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं.

“आन् चिंच जास्त झाली.”