बारशाची निळी ओळ

रविवारी सकाळी मच्छिंद्ररावांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. वाहिलं म्हणजे, भारतीबाईंनी वाहायला लावलं. आज त्या मशिनीतून बारसं व्हायचं होतं.

बारसं होतं अमेरिकेत. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, अशी तेव्हा हूल उठली होती. ते वेळेआधी नीट करायला भारतीबाईंचा धाकटा भाऊ नितीन तिकडे गेला होता, आणि आता त्याला मुलगी झाली होती. माहेरी, तिसगावला, आई वारली तेव्हा नितीन जेमतेम पावलं टाकत होता. भारतीबाई लग्न होऊन केडगावला आल्या त्या त्याला कडेवर घेऊनच. त्या पोरीला त्या एकुलत्या एक आत्या. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं, हा मान आत्याचा. नितीननं मागेच कळवलं होतं, "नाव तूच ठेवायचं, ताई. कसं ते सांगतो."

ते सांगणारा मेल शनिवारी संध्याकाळी आला. "ताई, बारशाचं सगळं या नेटवरच्या कार्डात लिहिलंय. खाली टिचकी मार." आणि खाली एक निळी, लांबलचक ओळ.

मच्छिंद्ररावांनी टिचकी मारली. काही झालं नाही. दोनदा मारली, जोरात मारली. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं, जरा घुटमळलं आणि आल्या वाटेनं गेलं.

"आयएसडी बूथवर जाऊन नितीनलाच इचारा की," भारतीबाई म्हणाल्या.

"एका टिचकीसाठी अमेरिकेला फोन? काय म्हणंल तो? सकाळी नेट चांगलं चालतं. सकाळी उघडू."

मच्छिंद्रराव टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. ट्रंक कॉल जोडता जोडता त्यांनी निम्म्या जिल्ह्याचं बोलणं ऐकलं होतं. नेवाशाला कुणाची सोयरीक मोडली, हे वरबापाच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि तारेतून जे जे जातं ते आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हे बैलाला वेळेवर कळत नाही आणि मालकालाही नाही.

सकाळी त्यांनी फोनची वायर मोडेमला जोडली. मोडेमनं किंचाळून नेट लावलं. घरात एकच फोन. नेट लागलं की तो मुका व्हायचा. निळी ओळ मात्र कालच्यासारखीच ढिम्म.

शेजारच्या रतनबाई नवी साडी नेसून आल्या. भारतीबाईंनी पहाटे उठून घुगऱ्या शिजवल्या होत्या. आत्यानं 'कुर्र' केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि ते काम रतनबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"नाव काय ठरलंय गं?" त्यांनी विचारलं.

"पाळण्याच्या आदी सांगत्यात व्हय?" भारतीबाई हसल्या. "ह्यास्नीसुदिक सांगितलं न्हाई."

"मग सांग ना आता," मच्छिंद्रराव म्हणाले. "साध्या मेलमधी टाईप करून धाडतो. दोन मिनिटाचं काम."

"पोरीच्या कानात पडायच्या आदी तुमच्या मशिनीला कशाला कळाया पायजे? कार्डातूनच जाईल ते. तुमीच म्हनला ना, कार्डात चौकोन आसतो, त्यात नाव टाकलं की तिकडं पाळन्यापाशी उमटतं?"

असं मच्छिंद्रराव म्हणाले होते खरं. ते चौकोनाबद्दल इतक्या ठामपणे बोलले होते, की आता त्यांनाही चौकोन दिसायला लागला होता.

शेवटी क्लासवाल्या सचिनला बोलावायचं ठरलं. फोन तर नेटला गुंतलेला. मच्छिंद्रराव चौकातल्या बूथवर गेले.

"नेट तोडू नका काका," सचिन म्हणाला. "एकदा तुटलं तर रविवारी परत लागायचं न्हाई. मी निघालोच."

एवढं बोलणं झाल्यावर मच्छिंद्ररावांनी सवयीनं घरचाही नंबर फिरवून पाहिला. टूं टूं टूं. एंगेज. "नेट चालू हाय," ते समाधानानं बूथवाल्याला म्हणाले. आयुष्यभर लोकांना 'लाइन एंगेज आहे' असं सांगून ज्यानं शिव्या खाल्ल्या, त्याला तो आवाज ऐकून आनंद व्हावा, ही वेळच तशी होती.

सचिन निघालाच म्हणाला तरी यायला त्याला बराच वेळ लागला. घुगऱ्या गार झाल्या. भारतीबाई पडद्यासमोर पदर सावरून बसल्या होत्या.

"तिकडं शनवारची रात हाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "पोरगी जागी आसंल का?"

सचिननं आल्या आल्या चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, इंटरनेटची पानं उघडायला दोन प्रोग्रॅम टाकून दिले होते मी. एकच दिसतोय."

"दुसरा मी काढला. एका कामाला दोन कशाला? उगं जागा आडते."

"मेलवाला त्या काढलेल्यालाच हाका मारतोय. तो घरातच न्हाई, मग दार कोन उघडनार?"

रतनबाईंना हे लगेच पटलं. मच्छिंद्ररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. सचिननं मेलला उरलेल्या प्रोग्रॅमचा पत्ता दिला आणि निळ्या ओळीवर एकदाच टिचकी मारली.

पान उघडलं. वरून खाली, ओळीओळीनं. आधी पाळण्याची दोरी आली, मग झालर, मग पाळणा. रतनबाईंनी धपाट्यासाठी हात वर केला. चौकोन काही आला नाही. पाळण्याखाली अक्षरं उमटली आणि मच्छिंद्ररावांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ताई, रविवारी तुमच्या सकाळी नऊ वाजता मी फोन करतो. तू नुसती फोनजवळ बस. रिसीव्हर पोरीच्या कानाला लावू. तू कुर्र कर अन् नाव सांग. आणि दाजींना सांग..."

इथं मच्छिंद्ररावांची नजर फोनकडे वळली. शेवटची ओळ सचिननं वाचली. "त्या वेळेला नेट लावू नका."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा तो फोन हाताशी पडला होता, मुका. मच्छिंद्ररावांनी वायर मोडेममधून काढून फोनला लावली, आणि तो लगेच वाजला. भारतीबाईंनी उचलला.

"ताई, कवाधरून लावतोय. सारखा एंगेज," नितीनचा आवाज खोल गेला होता. "पावनी थांबली हुती. पोरगी झोपाया लागली. मग तिच्या मावशीनंच कुर्र केलं. संस्कृती ठेवलं नाव."

भारतीबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि परत खाली सोडला. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पोरीला दूध पुरतं ना?"

रतनबाईंचा वर गेलेला हात केव्हाच खाली आला होता. त्यांनी तो भारतीबाईंच्या पाठीवर ठेवला आणि फिरवला.

त्या रात्री मच्छिंद्ररावांना जेवण गेलं नाही. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. काल एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं.

"काय ठरवलं हुतंस गं नाव?" त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या विचारलं.

"पाळन्यात न घेतल्यालं नाव बोलायचं नसतं," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या.

तेव्हापासून रविवारी सकाळी त्या घरात नेट लावलं जात नाही. मच्छिंद्रराव स्वतःच मोडेमवर फडकं टाकून ठेवतात. मधूनच एखाद्या रविवारी नितीनचा फोन येतो. खुशाली झाली की तो रिसीव्हर पोरीच्या कानाशी धरतो. मग भारतीबाई पाठ फिरवतात, तोंडाभोवती हाताची ओंजळ करतात आणि हळूच 'कुर्र' करून एक शब्द बोलतात. तिकडून पोरीचं खुदकन हसणं येतं.

निम्म्या जिल्ह्याचं बोलणं ऐकलेले मच्छिंद्रराव तेवढ्यापुरते अंगणात जाऊन उभे राहतात.