रापणीचा पुरावा

वाचनालयाच्या फळ्यावर चार ओळी लिहिताना गुणवंतीच्या मनात एवढंच होतं, की आपल्याला जे येतं ते दुसऱ्यालाही सांगावं. ‘ऑनलाइन विश्वकोशात लेख लिहायचा आहे? मंजूर होत नाही? भेटा.’ खाली स्वतःचं नाव आणि त्याखाली रेघ. (रेघ जरा जाडच आली.)

तिचा अधिकार तसा मोठा होता. माडावरच्या गेंड्या भुंग्यावर तिने लिहिलेला लेख चार वेळा परत आला आणि पाचव्यांदा, भाट्याच्या नारळ केंद्रातल्या पुस्तिकेचा संदर्भ जोडल्यावर, मंजूर झाला. त्या दिवशी तिने शेजाऱ्यांना, नणंदेला आणि गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही तो भुंगा दाखवला होता.

“किती शिष्य आले?” आठवड्याने नवऱ्याने, निलेशने विचारलं.

“एक.”

“वा! म्हणजे शंभर टक्के हजेरी.”

तो एक शिष्य म्हणजे सोनूबाई. सातवी शिकलेली, बाजारात मासे विकणारी आणि फोनशी बोलून त्याच्याकडून मजकूर लिहून घेणारी. तिला लेख लिहायचा होता रापणीवर. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ते किनाऱ्यावर ओढायचं, ती रापण. सोनूबाईचे सासरे, रघूबाबा, हे रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. मुंबईला शिकणाऱ्या नातीने, सलोनीने, कॉलेजसाठी विश्वकोशात रापण शोधली आणि आजोबांना फोन केला, “बाबा, असं काही नाहीच दाखवत.”

“नाहीच? मग मी चाळीस वर्षं ओढत होतो ते काय?” असं म्हणून म्हातारा दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता.

सोनूबाईचा लेख दोनदा परत आला. ‘विश्वासार्ह संदर्भ नाहीत.’ तिसऱ्यांदा परत आला तर वर्षभर पाठवता येणार नाही, असा नवा नियमही खाली लिहिलेला. रघूबाबांचं वय ब्याऐंशी. त्यांना वर्षभर थांबा म्हणून सांगणार कोण?

“हे बघ सोनूबाई,” गुणवंतीने भुंग्याच्या अनुभवावरून समजावलं, “तू म्हणतेस म्हणून ते खरं धरत नाहीत. ज्याला विषय पुरता माहीत आहे, ज्याच्यावर लोकांचा भरवसा आहे, असा पुरावा लागतो. एक नाही, दोन-चार.”

“मग हे आधी नाय सांगायचं, बाय? रविवारी तुमच्या घरी घेऊन येते.”

रविवारी दुपारी दार निलेशने उघडलं.

“गुणवंती,” तो आत येऊन म्हणाला, “तुझे संदर्भ आलेत. सहा जण आहेत. सातवा टेम्पोतून उतरवतायत.”

सातवा म्हणजे जाळं. सहा म्हातारे आणि ते जाळं यांनी अंगण भरून गेलं. वास तर आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसला.

“विचारा काय ते,” रघूबाबा पायरीवर बसले. “खोटं निघालं तर ह्याच जाळ्यात गुंडाळा मला.”

“बाबा, लेखाला माणसं नाही हो जोडता येत.”

“मग जाळं जोडा.”

“ते बघायला येत नाहीत.”

“असतात कुठं ते?”

“कुठंच नसतात. इंटरनेटवर असतात.”

रघूबाबांनी बाकीच्या पाचांकडे बघितलं. मग ते उठले. बघणारे नाही आले तरी दाखवायचं आपण सोडायचं नाही, असा त्यांचा बाणा. जाळं फाटकापासून नळापर्यंत लागलं, तिघं इकडे, तिघं तिकडे, आणि हाळी उठली, “ओढा!” (गुणवंतीही ओरडली. तिला नंतर त्याची थोडी लाज वाटली.)

त्या रापणीत मिळालं ते असं : वाळत घातलेली आमसुलं ताटासकट, अनंताची कुंडी, दोरीसह निलेशचे ऑफिसचे दोन शर्ट आणि ते सोडवायला गेलेला निलेश.

“बरा मिळाला,” एक म्हातारा म्हणाला.

मग चहा झाला. दोनदा झाला. गुणवंतीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आपल्या भरवशावर या माणसांनी टेम्पो केला, आणि आपण त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवणार.

“ह्यापरीस त्या कॉलेजच्या पोरी बऱ्या,” कपातला चहा बशीत ओतत रघूबाबा पुटपुटले. “चार वर्षांमागं आल्या, बसल्या, विचारून गेल्या. पुस्तक पण छापून पाठवलं.”

गुणवंतीच्या हातातली किटली कलंडली. “पुस्तक? कुठाय?”

“पेटीत. पण त्यात काय बघायचंय? आम्ही सांगितलं तेच लिवलंय.”

“बाबा, तोच पुरावा!”

रघूबाबांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मी सांगितलं तर चालत नाय. मी सांगितलेलं त्या पोरींनी लिवलं, तर चालतं?”

गुणवंतीला खोटं बोलता येत नव्हतं. “हो.”

“बरी शिकलेली माणसं हायत,” रघूबाबा म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

पुस्तकातली पानं संदर्भात लागली आणि अकराव्या दिवशी लेख मंजूर झाला. गुणवंतीला स्वतःच्या भुंग्याचाही एवढा अभिमान वाटला नव्हता. तिने लेख छापून घेतला, पेढे घेतले आणि थेट सोनूबाईचं घर गाठलं. रघूबाबांनी कागद डोळ्यांशी धरला, ‘तांडेल’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा मी.” पुढे त्यांना वाचता येईना. चष्मा पुसायला लागला.

तेवढ्यात सलोनीचा फोन आला. सोनूबाईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“आई, रापण दिसली गं विश्वकोशात! तू लिहिलंस? कोणी शिकवलं तुला?”

गुणवंतीने पदर सारखा केला आणि नजर नम्रपणे खाली वळवली.

सोनूबाईने तिच्याकडे मायेने बघितलं. “आमच्या वाचनालयातल्या बाय होत्या ना सोबतीला. लय गुणी बाई! रापणीतलं एक अक्षर म्हणून ठाऊक नव्हतं बिचारीला. तिला समजावण्यातच महिना गेला, नायतर केव्हाच झालं असतं.”