बाबारावांचे कोळी

दसरा काढायचे दिवस आले की आमच्या शहागडात गोधड्या गोदावरीकडे निघायच्या आणि बाबाराव बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन लोकांच्या घरांकडे निघायचे. दसरा काढणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे बायका घरातली चिंधीन् चिंधी धुतात, भांडंन् भांडं घासतात आणि भिंती छतापासून झाडून काढतात. त्या दिवसांत घरच्या पुरुषाला घरात कुत्रंही विचारत नाही. बाबाराव नेमके तेव्हाच दुसऱ्यांच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "वैनी, जाळं काढलं का? न्हाई ना? थांबा मंग. आतल्या माणसाला धक्का लागू देऊ नका."

आतला माणूस म्हणजे कोळी.

मग स्टूल मागवलं जायचं. बाबाराव धोतर खोचून वर चढायचे, डबा भिंतीला लावायचे आणि काडीने कोळ्याला असा काही आत घ्यायचे की जणू पाव्हण्याला बैलगाडीत बसवतायत. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली असत, आत ओलं पान असे. एखादा कोळी रोडका निघाला तर त्या घरच्या बाईकडे ते अशा नजरेने बघायचे की तिला आपण सासुरवास केल्यासारखं वाटावं. डबा भरला की चहा, गप्पा, आणि पुढचं घर. संध्याकाळी हे सगळं सैन्य त्यांच्या साळीच्या बांधावर सोडलं जायचं. वर त्यांना "चला, लागा कामाला" असा हुकूमही मिळायचा.

साळ म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. आम्हीही दचकलो होतो. आमचा मुलूख कपाशीचा, ज्वारी-तुरीचा. भात ही आमच्याकडे सणाला शिजवायची वस्तू, पेरायची नव्हे. पण बाबारावांचा हायवेलगतचा तुकडा कालव्याच्या पाझराने चिबड झाला होता. बाराही महिने पाय रुते. त्यात कपाशी लावली की ती कुजायची, तूर लावली की ती बसायची. एके वर्षी त्यांनी देगलूरकडच्या पाव्हण्यांकडून साळीचं बी आणलं आणि लावणी केली. गाव हसलं. साळ आली तसं गाव गप्प बसलं, आणि बाबाराव जे बोलायला लागले ते थांबलेच नाहीत.

त्यांचं व्याख्यान हायवेवरच्या मुनीरभाईच्या हॉटेलात चाले. शेजारीच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे मला ते पाठ झालं होतं. सुरुवात ठरलेली. "साळीला पाय न्हाईत, पळता येत न्हाई. तोंड न्हाई, शिव्या देता येत न्हाईत. मंग किडा आल्यावर ती करती काय?" इथे ते थांबायचे. कुणी विचारीना. शेवटी मुनीरभाई बिचारा दया येऊन म्हणायचा, "क्या करती?"

मग सगळं बाहेर पडायचं. साळीच्या पानात म्हणे बारीक वाळू असते, अळीचे दात झिजतात. पटवून द्यायला त्यांनी मुनीरभाईचं बोट पानाच्या कडेवरून ओढलं आणि रक्त काढलं. ती वाळू वाढावी म्हणून ते रोपवाटिकेत साळीच्या तुसाची राख टाकायचे आणि आठवडाभर काळ्या तोंडाने गावभर हिंडायचे. खोडकिड्याने मधला पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, मारला तर साळ रडत बसत नाही, बाजूने नवे फुटवे काढते. "आन आपल्या पंचायतीत एक मेंबर फुटला की सगळी बॉडी पडती," हे ते माजी सरपंचाच्या तोंडावर म्हणाले होते.

पण त्यांचा खरा जीव तिसऱ्या गोष्टीत होता. तुडतुड्याने सोंड खुपसली की साळ एक वास सोडते. माणसाला तो येत नाही, पण तुडतुड्याच्या अंड्यांवर टपलेल्या बारक्या गांधीलमाशीला येतो, आणि बाबारावांच्या मते कोळ्यालाही येतो. "ती हाक असती हाक. जल्दी या, मला खाऊन राह्यलेत, म्हणून." ही हाक आपल्यालाही यावी म्हणून ते चिखलात ओणवे होऊन साळीचा वास घेत. हायवेवरचे ट्रकवाले म्हातारा चक्कर येऊन पडला समजून ब्रेक मारायचे, आणि उठवायला गेलं की वर शिव्या खायचे.

त्या हाकेचं त्यांना इतकं वेड लागलं होतं की कुणीही समोर आलं की ते विचारायचे, "हाक कुनी मारली?" पाहुणा आला तरी हेच, टपालवाला आला तरी हेच. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा कार्यकर्त्यांकडे बघत राहिला.

फवारणीशी त्यांचं हाडवैर. त्यांचं म्हणणं होतं की औषधाने आधी कोळी मरतो, तुडतुड्याची अंडी पानाच्या आत दडलेली असतात ती वाचतात, मग राखणदार नसलेल्या रानात चोरांची जत्रा भरते. हे ते त्यांच्या साळीपुरतं बोलले असते तर मला काही अडचण नव्हती. पण त्यांच्या बांधाला लागून माझी कपाशी. नव्वद सालानंतरचे ते दिवस, बोंडअळीने आम्हाला वेड लावलेलं. मी पाठीवर पंप घेतला की हा माणूस बांधावर धोतराचा सोगा पसरून पडद्यासारखा उभा राहायचा, वाऱ्याने औषध पलीकडे जाऊ नये म्हणून. मी चिडून म्हणालो, काका, तुम्हीच मराल. तर म्हणाले, आधी वारं पालटू दे, मंग काय मारायचं ते मार. मी पंप खाली ठेवून बिडी ओढत बसायचो. वाराही असा हट्टी की पालटायचा नाही.

कुलकर्णी साहेब आमचे कृषी सहाय्यक, साताऱ्याकडून बदलून आलेले, सज्जन माणूस. त्यांनी पहिल्याच वर्षी समजावलं होतं की घरातला लांब तंगड्यांचा कोळी वेगळा आणि साळीतला, पिल्लं पाठीवर घेऊन पळणारा कोळी वेगळा. घरचा शेतात टिकायचा नाही. बाबारावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, बदली झाल्यावर तुमी तरी पहिल्या महिन्यात कुठं रुळला होता? आता इथला चहा बराबर लागतो का न्हाई?" साहेब हसले. कोळ्यांच्या बदल्या चालू राहिल्या.

हे सगळं चालू असताना बाबारावांच्या घरात ते एकटेच. गयाकाकू जाऊन काही वर्षं झाली होती. लेक पिंपळगाव रेणुकाईला दिलेली, ती रेणुकाईच्या जत्रेला बोलवायची, तेव्हा ते जाऊन यायचे. गयाकाकूंचा आवाज म्हणजे गावाचा भोंगा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या दारातून नुसतं "ऐका की" ओरडायच्या, ते कालव्यापर्यंत ऐकू जायचं आणि गावातले निम्मे नवरे उठून उभे राहायचे.

मग ते ढगाळ वर्ष आलं. पाऊस धड पडेना, ऊन धड पडेना, हवा नुसती कोंदट. कपाशीवाल्यांनी चारी बाजूंनी फवारण्यांचा धडाका लावला, आणि बाबारावांच्या साळीत एके सकाळी परातीएवढं पिवळं वर्तुळ दिसलं. बुंध्याशी तपकिरी तुडतुडे खच्चून भरलेले. मुनीरभाईच्या हॉटेलात सगळ्यांना उधाण आलं. कुणी म्हणालं, कोळी रजेवर गेले वाटतं. कुणी म्हणालं, संप केला असेल. बाबाराव चहा अर्धा टाकून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा साळ गेली तर डबा मोडीत घालीन. पुन्हा कुनाच्या दारात कोळी मागायला येणार न्हाई. बिलकुल न्हाई."

आता हा साळीचा नव्हे तर इज्जतीचा मामला झाला. मला वाटलं, डबा मोडीत गेला तर गावाचं काय बिघडणार आहे. पण ते ज्या आवाजात बोलले तो ऐकून कुणी हसलं नाही.

कुलकर्णी साहेबांनी उपाय सांगितला तो अगदी योग्य होता. शेतातलं पाणी काढा, बुंधे सुकू द्या. बाबाराव म्हणाले, ते कालव्याला सांगा. साहेब म्हणाले, पाटबंधारे आमच्या खात्यात येत नाही. मग बाबारावांनी बांबूने साळ दोन्ही बाजूंना दाबून वाटा पाडल्या, वारं खेळावं म्हणून. वर्तुळ परातीचं खळ्याएवढं झालं. त्या दिवशी ते दुकानात आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दत्ता, तुझा पंप दे."

मला मनातून बरं वाटलं. पंप भरून त्यांच्या पाठीवर चढवला आणि माघारी दुकानात आलो. दुपारी पंप परत आला, जसाच्या तसा भरलेला. विचारलं तर पाणी पीत सांगायला लागले की नळी उचलली तेवढ्यात बुंध्यावर एक कोळी दिसला. बाईमाणूस, पाठीवर पिल्लांचा ढीग. "लेकुरवाळी हाय रे ती. कशी मारू?" असं म्हणून ते निघून गेले. मी कपाळाला हात लावला.

निम्मी साळ जळाली. निम्मी तगली, तिला लोंब्याही बऱ्या आल्या. मुनीरभाई म्हणाला की निम्मी आली म्हणजे शर्त बराबरीत सुटली. कुलकर्णी साहेबही तेच म्हणाले. बाबाराव ऐकेनात. निम्मी गेली म्हणजे गेलीच, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि डबा भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला.

पुढच्या वर्षी दसरा काढायला सुरुवात झाली. आमच्या घरी भांड्यांचा डोंगर अंगणात, गाद्या छपरावर, आणि मी बाजेवर. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं घर झाडलं आणि देवघरावरचा कोपरा तेवढा तसाच ठेवला. विचारलं तर म्हणाली, काका यायचेत. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, जाऊन बघा.

दुपारची वेळ. गल्लीत घराघरातून परातींचा दणदणाट, बायकांची आरडाओरड. बाबारावांचं घर तेवढं गप्प. ते ओट्यावर बसले होते. त्यांच्या मागून आत डोकावलो तर छतभर जाळी, कोपऱ्या-कोपऱ्यात कोळी. फळीवर गयाकाकूंची भांडी, त्यांच्यावरही जाळी. मला हसू आलं. म्हणालो, काका, घरात एवढी पलटण असताना गावभर भरती कशाला करत होता?

त्यांनी वळून आत छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरचा कोळी शेतात टिकत न्हाई, दत्ता. साहेब बोलले ते खरं हाय. संध्याकाळी सोडायचो, सकाळी एक दिसत न्हवता."

"मंग?"

"गया होती तवा या दिवसात मला बसू देत न्हवती. ऐका की, परात धरा. ऐका की, गोधडी झटका. दिवसभर नुसती हाक. आता हितं भांडं वाजलं तर माज्याच हातून पडलेलं असतंय." गल्लीत कुठेतरी हंडा आदळला, तिकडे त्यांनी मान वळवली. "तुमच्या घरात गलका असतोय. उगं उभं राह्यलं तरी कुनी म्हणतंय, काका, स्टूल धरा. पर बिगर कामाचं कसं यायचं? हाक कुनी मारली?"

गेली कित्येक वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो आणि पुढेही करणार होतो, पण त्या ओट्यावर नाही. दुकानाचं काहीतरी कारण सांगून मी उठलो आणि घरी येऊन सुमनला जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातला काथ्या राखेत टाकला, राखेने भरलेले हात तसेच घेऊन दारात गेली आणि असा आवाज काढला की मी बाजेवरून उठून उभा राहिलो.

"काका, जल्दी या. कोळी पळून राह्यलाय."

कोळी कुठेही पळत नव्हता. देवघरावर निवांत लटकला होता. पण बाबाराव आले, अनवाणी, भरभर, रिकाम्या हातांनी. सवयीने दारातच विचारलं, "हाक कुनी मारली?"

"मी मारली," सुमन म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग धोतर खोचलं आणि स्टुलावर चढले. मी स्टूल धरलं. बराच वेळ ते जाळ्याशी तोंड नेऊन बघत होते. कोळ्याच्या तोंडात अंड्यांची पांढरी पुडी होती.

"हिची बदली नको," वरूनच म्हणाले. "घरातली हाय. घरातच राहू द्या."

"राहू द्या मंग," सुमन म्हणाली. "खाली उतरा, काका, ही परात धरा. लई वेळची मी एकटीच घासून राह्यले."

बाबाराव उतरले आणि त्यांनी परात धरली.