ताळ्याचे दोन मार्क

लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस यजमानाला काय सांगतो? "जेवण झकास झालं." खोटं असलं तरी सांगतो. आमचे कापगते सर हात धुऊन थेट नवरीच्या बापापाशी गेले आणि म्हणाले, "वांग्याची भाजी दहापैकी साडेसहा. तिखट-मिठाचे पुरे देल्ले. तेल जास्त, अर्धा कापला. वांगं कच्चं, तिथं तीन गेले." तो बिचारा आधीच रडवेला झालेला. त्याला वाटलं, वराकडचं कोणीतरी रुसलं. हात जोडून तो सरांच्या मागे मांडवभर फिरला, आणि सर त्याला समजावत राहिले की साडेसहा म्हणजे पहिला वर्ग होतो, यात रडण्यासारखं काही नाही.

मी दिघोरीच्या शाळेत मराठी शिकवायची, सर गणित. शिवाय आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. म्हणजे सर मला शाळेतही आणि घरीही. एवढं माझ्या वाट्याला का आलं, ते देवालाच ठाऊक.

त्या काळी पेपर तपासायची रीत सगळीकडे सारखीच होती. मांडीवर गठ्ठा, हातात चहा. अक्षर बघायचं, पोरगा कोणाचा ते आठवायचं आणि सात द्यायचे. मीही तेच करायची, आणि माझं काही बिघडत नव्हतं. कापगते सरांनी मात्र वर्गाच्या भिंतीवर मोठा पुठ्ठा डकवला होता. एका गणिताला दहा मार्क: रीत चार, उत्तर दोन, ताळा दोन, नीटसपणा दोन. ताळा म्हणजे आलेलं उत्तर गणितात परत घालून बघायचं, बरोबर बसतं की नाही. कशाला किती मिळणार, हे पोरांना परीक्षेच्या आधीच माहीत. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, हे गुपित असतं. सर म्हणाले, "मार्क कायचे भेटले हे पोराले समजलं नाही, तं ते मार्क नाही जी, भीक होय."

मग त्यांची नजर माझ्या निबंधांवर पडली. एक वही उघडून विचारलं, "बाई, हे सात कायचे?"

मी म्हटलं, निबंधाचे.

"तसं नाही. रकाना सांगा, रकाना."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, सर, मला आवडला, त्याचे सात. सरांनी खिशातला कागद काढला, त्यावर गंभीरपणे 'आवड' असं लिहिलं आणि विचारलं, "कितीपैकी?"

पोरंही काही कमी नव्हती. एका पठ्ठ्याने शोध लावला की गणित न सोडवताही मार्क मिळतात. त्याने पानापानावर समास आखले, प्रश्नांचे नंबर मोत्यासारख्या अक्षरात घातले आणि बाकी कोरं सोडलं. सरांनी प्रत्येक गणिताला नीटसपणाचे दोन दिले. का नाही देणार? नीटस तर होतंच. त्या पोराचा बाप पुढे बाजारभर सांगत फिरला की पोरगा गणितात गेला, पण नीटसपणात पैकीच्या पैकी आणले. इकडे सगळ्यांचे निकाल लागून जायचे आणि सरांचा गठ्ठा ताळ्याशीच अडलेला असायचा. मुख्याध्यापकांनी शेवटी हात टेकले.

सरांच्या घरी दोघंच. सर आणि यशोदावहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. सर शाळेत गेले की वहिनींना घर खायला उठायचं. त्या कुंपणापाशी येऊन उगाच माझी तुळस चांगली आली म्हणायच्या. तुळस वाळलेली असायची.

अशात बातमी आली की गावात बालवाडी निघणार. बाई गावचीच पाहिजे, पण मॅट्रिक पास. वहिनींचं लग्न नववीतच झालेलं. त्या मला म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याची का होईनात, लेकरं तं अंगावर खेळतीन." दुसऱ्याच दिवशी मी सरांना घेऊन बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि भरला.

बाकीचे विषय माझ्याकडे, गणित सरांकडे. रोज सकाळी चुलीवर भात आणि वहिनींच्या मांडीवर वही. सर लाल पेन्सिल घेऊन समोर. बायको म्हणून एका मार्काची सवलत नाही. रीत बरोबर, उत्तर बरोबर, ताळा कुठं? कापले दोन. एकदा वहीवर हळदीचं बोट लागलं, तर नीटसपणात एक गेला. मी भांडायला गेले. म्हटलं, सर, तुमच्याच वरणाची हळद ती. सर म्हणाले, हळदीचा रकाना नाही, नीटसपणाचा आहे. वहिनी हसल्या. पण शिमग्यापर्यंत त्यांचा हात असा बसला की ताळा केल्याशिवाय त्या पुढच्या गणिताकडे बघतसुद्धा नसत. भाजीवाल्याचा हिशेबही दोनदा उलटा करून बघत.

मार्चमध्ये लाखांदूरला परीक्षा झाली. गणिताच्या दिवशी मी एसटीने सोबत गेले होते. वहिनी बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. एकही गणित चुकलं नव्हतं. प्रत्येकाला समास, सुबक रीत, उत्तराखाली दुहेरी रेघ आणि मग सावकाश केलेला ताळा. घंटा झाली तेव्हा अर्ध्याहून जास्त पेपर कोरा होता. आणि बोर्डाच्या तपासनिसाकडे ताळ्याला मार्क नव्हते, नीटसपणालाही नव्हते.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. वहिनी रडल्या नाहीत. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, माझ्या डोस्क्यात गणितच नाही, बालवाडीसाठी दुसरी कोणी बघा. सरांनी ऑक्टोबरच्या परीक्षेचं नाव काढलं, तर त्या उठून आत गेल्या.

पुढचे काही दिवस सरांनी कशालाच मार्क दिले नाहीत. मी मुद्दाम पाणचट चहा करून दिला, तोही गपगुमान प्यायले. मला भीतीच वाटली. माणूस आजारी पडतो की काय.

एका रविवारी सकाळी कुंपणावरून हाक आली. "बाई, या इकडे. साक्षीदार पाहिजे."

गेले. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. सरांनी त्यांच्यापुढे कोरा पुठ्ठा ठेवला. वर लिहिलं होतं, 'मास्तर'. खाली तीन रकाने: समजावणं, वेळेचं भान, धीर. लाल पेन्सिल त्यांनी वहिनींपुढे धरली.

"तपास."

"कायले जी चेष्टा करून राहिले?"

"चेष्टा नाही. नापास कोन झालं, ते पाहून राहिलो."

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. मग हात पुसले आणि पेन्सिल घेतली. समजावण्याचे विचार करून नऊ दिले. वेळेच्या भानाला सरळ भोपळा. धीरापाशी मात्र पेन्सिल थांबली.

"सकाळी सकाळी इतके दिवस शिकवलं. एकदा तरी म्हटलं काय, की यशोदे, चांगलं जमलं?"

"मार्क तं देत होतो ना."

"देत होते. सांगतलं काय?"

वहिनींनी तिथेही भोपळा काढला. पुठ्ठा हातात घेऊन सरांनी बेरीज दोनदा तपासली. म्हणाले, "बरोबर तपासलं. तू हुशार आहेस. मले पह्यल्या दिवशीच समजलं होतं. सांगाचंच राहून गेलं." मग पुठ्ठा खाली ठेवून म्हणाले, "मी नापास. ऑक्टोबरले मी बी बसतो."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र सरळ रडूच आलं.

"मंग फॉर्म आना," वहिनी पदराआडून म्हणाल्या, "दोघाईचे."

ऑक्टोबरात वहिनी पास झाल्या. बालवाडी मिळाली, आणि पुढे कितीतरी वर्षं गावाची लेकरं त्यांच्या अंगाखांद्यावर नाचली. सरांना मात्र त्यांनी धीराच्या विषयात कधीच पास केलं नाही. दर वर्षी ऑक्टोबर आला की सर विचारायचे, "औंदा?" वहिनी म्हणायच्या, "थोडक्यात गेलं जी. पुढच्या वर्षी बसा."

आणि सर बसायचे.